शंभरातले बारा अंधुक: कोबाल्ट पॉर्फिरिनच्या एका थराचं प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका संशोधन प्रयोगशाळेतलं आहे. तिथे मी एसटीएम, म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, सांभाळायचो. माणसं आणि संस्था ओळखू येतील असे तपशील काढले आहेत. रसायन आणि घटनांचा क्रम जसाच्या तसा ठेवला आहे, कारण गोंधळ झाला तो त्या क्रमातच.

पार्श्वभूमी

पॉर्फिरिन म्हणजे चपटं, चौकोनी म्हणावं असं वलय. मधोमध चार नायट्रोजन आणि त्यांच्या कोंदणात एखादा धातू. आपल्या रक्तातल्या हीममध्ये तिथे लोह असतं. आमच्या रेणूत कोबाल्ट होता. वलयाच्या चार बाजूंना बेन्झिनची कडी आणि प्रत्येक कडीला १८ कार्बनची लांब शेपटी. शेपट्या शोभेसाठी नव्हत्या. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर अशी कार्बनसाखळी आडवी पडते, कारण साखळीतल्या एकाआड एक कार्बनमधलं अंतर ०.२५ नॅनोमीटरच्या जवळपास असतं आणि ग्रॅफाइटची जाळी ०.२४६ नॅनोमीटरची. दोन्ही एकमेकांवर छान बसतात. शेजारच्या रेणूच्या शेपट्याही त्याला बिलगतात आणि मधली वलयं आपोआप रांगेत येतात. कुणी ढकलावं लागत नाही. फिनाइलऑक्टेन या द्रावकातल्या पातळ द्रावणाचा एक थेंब टाकायचा आणि काही मिनिटं थांबायचं, एवढंच.

फिनाइलऑक्टेनच का? त्याचा उत्कलनबिंदू २६० अंशांच्या वर आहे, त्यामुळे थेंब रात्रभर सुकत नाही. शिवाय ते वीजवाहक नाही, त्यामुळे टिप द्रावणात बुडालेली असतानाच स्कॅन करता येतो. टिप म्हणजे पृष्ठभागावरून फिरणारं यंत्राचं टोक, प्लॅटिनम-इरिडियमची पाव मिलिमीटर जाडीची तार. कटरने तिरकी कापता कापता ओढायची. दहातल्या दोन-तीनच टोकं धड निघतात. ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावून वरचा पापुद्रा ओढला की खाली कोरा, स्वच्छ पृष्ठभाग तयार.

ग्रॅफाइट फसवतं, हे मात्र आम्हाला पाठ होतं. त्याच्या कडा आणि सरकलेले थर एसटीएममध्ये कसे अगदी डीएनएसारखे दिसू शकतात, हे क्लेमर आणि बीबी यांनी १९९१ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं होतं. त्यामुळे प्रत्येक चित्रानंतर बायस (टिप आणि पृष्ठभागामधला विद्युतदाब) उतरवायचा, करंट चढवायचा, थराखालची ग्रॅफाइटची जाळी पाहायची आणि तिच्यावरून मोजपट्टी तपासायची, अशी आमची शिस्त होती. या बाबतीत आम्ही इतके सावध होतो की दुसऱ्या एका बाबतीत गाफील राहिलो.

आणखी दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात, त्याशिवाय पुढचा मोह कळणार नाही. एसटीएमला रसायन कळत नाही. विद्युतप्रवाह कुठे सहज वाहतो, तेवढंच त्याला दिसतं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या हिप्स यांच्या गटाने १९९६ मध्ये सोन्यावरच्या थॅलोसायनिनच्या (पॉर्फिरिनसारखंच, मधोमध धातू धरणारं वलय) थरात दाखवलं की कोबाल्टचा मध्य उजळ दिसतो आणि तांब्याचा काळा. कोबाल्टची एक अर्धवट भरलेली ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनची जागा) वलयातून सरळ वर, टिपकडे डोकावत असते. तांब्याची तशी नसते. पॉर्फिरिनमध्येही कोबाल्ट तसाच उजळ दिसतो. मग २०१२ मध्ये त्याच गटाने ग्रॅफाइटवर, फिनाइलऑक्टेनमध्ये, कोबाल्ट पॉर्फिरिनच्या एकेका रेणूला ऑक्सिजन चिकटताना आणि सुटताना पाहिला. ऑक्सिजन बसलेले रेणू अंधुक दिसत होते. द्रावणात खोलीच्या तापमानाला हे बंधन फार कमकुवत असतं, पण ग्रॅफाइटवर ते टिकलं. इंधनघटात ऑक्सिजनवर काम करणारा उत्प्रेरक म्हणून कोबाल्ट थॅलोसायनिनचं नाव १९६४ पासून घेतलं जातं. म्हणजे असा अंधुक ठिपका दिसला की हात शिवशिवणारच.

नेमकी अडचण

जुलैतली रात्र. दिवसा आमच्याकडे स्कॅन होतच नाही. लिफ्ट, एसीचा ब्लोअर, रस्त्यावरचे डंपर, सगळं चित्रात उतरतं. गणपतीचे दहा दिवस तर यंत्राला सक्तीची सुट्टी, ढोल-ताशासमोर बंजी दोरांवर टांगलेली यंत्राखालची दगडी लादीही हरते. पीएचडी करणारी मुलगी रात्री अकराला बसली आणि अडीचच्या सुमाराला तिचा फोन आला: "दादा, लवकर या. रांगा लागल्यात."

खरोखरच रांगा होत्या. नांगरलेल्या शेतासारख्या सरळ, मध्ये शेपट्यांचे पट्टे आणि त्यांच्यामध्ये एकेक ठसठशीत उजळ ठिपका. अख्ख्या चित्रात एकही रांग तुटलेली नव्हती. पण सगळेच ठिपके उजळ नव्हते. इकडेतिकडे, कुठल्याही नियमाविना, काही मध्य अंधुक होते. जागा भरलेली, शेपट्या नीट, फक्त दिवा विझलेला. तीन चित्रांतले सुमारे अकराशे रेणू मोजले. शंभरातले बारा अंधुक.

सकाळी सरांनी चित्र पाहिलं आणि खुर्चीवरून उठलेच. त्यांच्या टेबलावर २०१२ चा पेपर आधीपासून उघडा होता, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण मनात तो उघडाच होता. माझ्याही.

प्रश्न सरळ होता. हे बारा रेणू कोण? आणि एका परिषदेचा गोषवारा पाठवायला नऊ दिवस उरले होते.

समोर असलेले पर्याय

सरांच्या केबिनमध्ये तासभर खल झाला. चार वाटा निघाल्या.

एक, ऑक्सिजन म्हणून लिहून टाकायचं आणि पुरावा नंतर गोळा करायचा. हे कुणी उघडपणे सुचवलं नाही, पण ते टेबलावर होतंच.

दोन, गोषवाऱ्यात फक्त सुबक थर, रांगांमधलं अंतर, शेपट्यांची दिशा एवढंच सांगायचं आणि अंधुक ठिपक्यांबद्दल गप्प राहायचं. यात खोटं काही नव्हतं. पण मग नवीनही काही नव्हतं. असे थर गेली पंचवीस-तीस वर्षं कित्येकांनी दाखवले आहेत.

तीन, हवेऐवजी आर्गॉन या निष्क्रिय वायूत प्रयोग करायचा. ठिपके ऑक्सिजनमुळे असतील तर आर्गॉनमध्ये ते विझलेले दिवे पेटले पाहिजेत. चाचणी अगदी मुद्द्याची, पण आमच्या एसटीएमला हवाबंद पेटी नव्हती. पॉलिथिनची पिशवी, हातमोजे, सिलिंडर, सगळी जुळवाजुळव करायची होती.

चार, मूळ पदार्थ पुन्हा तपासायचा. ज्या रेणूंमध्ये कोबाल्ट शिरलाच नाही, असे रिकाम्या कोंदणाचे पॉर्फिरिन राहिले असतील तर तेही अंधुक दिसतील. हे काम एका दुपारचं.

चौथा पर्याय मुलीनेच मांडला. तो कुणी फेटाळला असं नाही, पण त्यावर फार वेळही कुणी दिला नाही. सर म्हणाले, "अगं, अशुद्ध पदार्थाचा इतका सुंदर थर लागेल का?" मी मान डोलावली. त्या वाक्यातली चूक तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती.

रिकाम्या पॉर्फिरिनचा आणि कोबाल्टवाल्याचा बाहेरचा आकार एकच आहे. शेपट्या त्याच, लांबीही तीच. थर कसा लागायचा हे शेपट्या आणि ग्रॅफाइट मिळून ठरवतात, कोंदणात कोण बसलंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. सारख्या मापाच्या विटांची भिंत सरळच येते, मग त्यातल्या काही विटा कच्च्या का असेनात. रांगेची सुबकता बघून शुद्धतेचा निर्वाळा देता येत नाही. एसटीएमवर काम करणाऱ्या माणसाची नजर मात्र वर्षानुवर्षं नेमकी उलटी घडते. घाण असेल तिथे चित्र बिघडतं, म्हणून चित्र सुंदर तर सगळं ठीक.

काय केलं

तिसरा पर्याय निवडला आणि चौथा "सवडीने" ठेवला. स्वस्त चाचणी मागे, महाग चाचणी पुढे. पहिलं निर्णयाचं वळण हे.

पिशवी तयार व्हायला सहा दिवस लागले. फिनाइलऑक्टेनमधून अर्धा तास आर्गॉनचे बुडबुडे सोडले, ताजा पापुद्रा काढला, थेंब टाकला. त्या रात्रीचं चित्र थोडं खडबडीत होतं, पण मोजता येत होतं. अंधुक रेणू शंभरात तीन-चारच उरले होते. दुसऱ्या दिवशी गोषवारा गेला आणि त्यात ऑक्सिजनचं वाक्य होतं.

मग गणपती आले. यंत्र बंद, आणि आम्ही आनंदात.

सप्टेंबरअखेर मुलीने आर्गॉनचा प्रयोग पुन्हा लावला, कारण एका रात्रीच्या चित्रावर पोस्टर उभं राहत नाही. आकडा आला बारा. पुन्हा केला, तेरा. पिशवी गळतेय म्हणून आम्ही टेप बदलली, सिलिंडर बदलला, बुडबुडे दोन तास सोडले. आकडा ढिम्म. यात जवळजवळ दोन आठवडे गेले. त्या सगळ्या काळात आम्ही पिशवीवर संशय घेतला, सिलिंडरवर घेतला, एकमेकांच्या हातांवरही घेतला. पदार्थाच्या कुपीवर कुणीच घेतला नाही.

याच दिवसांत तिने आणखी एक निरीक्षण केलं होतं, त्याला मी तरी पुरेसा मान दिला नाही. चाळीस मिनिटांच्या सलग चित्रांमध्ये तिने एकेका अंधुक ठिपक्यावर खूण करून ठेवली होती. "दादा, हे जागचे हलत नाहीत. ऑक्सिजन असेल तर एखादा तरी पेटायला नको?" दोन-चार ठिपके बदलले होते खरे, पण तिथे अख्खा रेणूच द्रावणातल्या दुसऱ्या रेणूशी जागा बदलत असण्याची शक्यता तितकीच होती. सरांचं उत्तर होतं, सुटायला वेळ लागत असेल. हे उत्तर चुकीचं म्हणता येत नाही, आणि तीच त्याची अडचण. ठिपके बदलले तर ऑक्सिजन, नाही बदलले तर सावकाश सुटणारा ऑक्सिजन. मग कुठलंही चित्र त्याला खोटं पाडू शकत नाही.

गाठ सुटली ती एका कंटाळवाण्या कामातून. तिने सगळ्या रात्रींचा तक्ता केला: तारीख, टिप, बायस, करंट, हवा की आर्गॉन, अंधुकांचा आकडा. आणि वहीत मागे जाऊन आणखी एक रकाना भरला, द्रावण कुठल्या कुपीतून घेतलं. फाइलच्या नावात ते नव्हतं, वहीच्या समासात पेन्सिलीने होतं. त्या रकान्यावर तक्ता लावला आणि सगळं सरळ झालं. पहिली कुपी म्हणजे बारा-तेरा, हवेत काय आणि आर्गॉनमध्ये काय. दुसरी कुपी म्हणजे तीन-चार. आर्गॉनच्या पहिल्या रात्री तिने दुसऱ्या कुपीतून द्रावण केलं होतं, कारण पहिली कुपी त्या दिवशी दुसऱ्या इमारतीतल्या फ्रिजमध्ये होती. त्या एका रात्रीत दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि आम्ही एकच लिहून काढली होती.

ती कुपी घेऊन खाली गेली, टीएलसीच्या (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणारी चाचणी) प्लेटा बघायचा ३६५ नॅनोमीटरचा दिवा लावला आणि त्याखाली दोन्ही कुप्यांमधले थेंब धरले. कोबाल्ट पॉर्फिरिन प्रकाशत नाही, कोबाल्ट त्याची चमक गिळून टाकतो. रिकामं पॉर्फिरिन मात्र लालभडक चमकतं, अगदी थोडं असलं तरी. दुसऱ्या कुपीतला थेंब जेमतेम लालसर. पहिल्या कुपीतला निखाऱ्यासारखा.

ती वर आली तेव्हा तिने काही सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "दादा, खाली येता का जरा? खोलीतला दिवा बंद केलाय."

मग जुने कागद बाहेर निघाले

त्या संध्याकाळी आम्ही पहिल्या कुपीची फाइल उघडली. ज्यांनी पदार्थ तयार केला होता त्यांचा दोष काढायला नव्हे. हे आपल्याला आधी का दिसलं नाही, एवढंच बघायचं होतं. चार इशारे होते आणि चारही वेळा कुणाकडे तरी बरं कारण होतं.

टीएलसीवर एकच ठिपका दिसला होता. पॉर्फिरिन मुळातच गडद रंगाचं, साध्या डोळ्याला दिसतं. त्यामुळे प्लेट दिव्याखाली धरायचं कुणाच्या मनात येत नाही. आणि लांब शेपट्यांमुळे दोन्ही रेणू त्या द्रावकात जवळजवळ एकत्रच चढत होते.

वस्तुमान वर्णपटात मुख्य शिखरापासून ५७ एककं खाली एक छोटं शिखर होतं. कोबाल्ट जाऊन दोन हायड्रोजन आले की नेमका एवढाच फरक पडतो. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं: "लेझरमुळे कोबाल्ट सुटला." अशक्य नाही. तपासलं मात्र नव्हतं.

एनएमआर, म्हणजे रेणूतले हायड्रोजन ओळखायचा वर्णपट, तर अगदी चुटपुट लावणारा. रिकाम्या पॉर्फिरिनच्या आतल्या एनएच हायड्रोजनचं शिखर उणे २.७ च्या आसपास येतं, शून्याच्याही उजवीकडे, जिथे दुसरं सहसा काहीच नसतं. यंत्राने ते नोंदवलं होतं. फाइलमधल्या प्रिंटवर अक्ष ० ते १० असाच होता.

आणि यूव्ही-व्हिज, म्हणजे कुठला प्रकाश किती शोषला जातो त्याचा वर्णपट. कोबाल्ट पॉर्फिरिनचा मोठा पट्टा ४१० नॅनोमीटरच्या जवळ येतो आणि त्याच्यापुढे बाकी सगळं खुजं दिसतं. रिकाम्या पॉर्फिरिनला मात्र ६५० नॅनोमीटरजवळ एक ठेंगणा पट्टा असतो, स्वतःच्याच मोठ्या पट्ट्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका. तिथे कोबाल्टवाला जवळपास काहीच शोषत नाही. आम्ही तोच जुना वर्णपट ताणून पाहिला. ६५० वर उंचवटा होता. त्यावरून काढलेलं प्रमाण शंभरात दहाच्या घरात आलं.

यानंतरचं काम झपाट्याने झालं. पहिल्या कुपीतला पदार्थ जादा कोबाल्ट अॅसिटेटबरोबर पुन्हा उकळला, द्रावक बदलून कॉलममधून पुन्हा शुद्ध केला आणि दिव्याखालची लाली जाईपर्यंत सोडला नाही. मग उलट प्रयोग: शुद्ध कोबाल्टवाल्यात मुद्दाम मोजून रिकामं पॉर्फिरिन मिसळलं, शंभरात ५, १० आणि २०. थर प्रत्येक वेळी तितकाच सुबक लागला. अंधुकांचा आकडा मिश्रणाबरोबर चढत गेला. तंतोतंत नाही, पृष्ठभागावर रिकाम्यांचा वाटा द्रावणापेक्षा थोडा जास्तच यायचा. पण संशयाला जागा उरली नाही.

निष्पत्ती

गोषवारा मागे घ्यायचा की दुरुस्त करायचा, हे दुसरं निर्णयाचं वळण. सर दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच आयोजकांना मेल लिहिली, ऑक्सिजनचं वाक्य काढून टाकण्याविषयी, आणि ती पाठवण्याआधी मुलीला वाचायला दिली. पोस्टरचा विषय बदलला: एकाच मापाचे दोन रेणू एका थरात कसे मिसळतात आणि पृष्ठभागावरचं प्रमाण द्रावणातल्या प्रमाणापेक्षा का सरकतं. पोस्टरसमोर गर्दी झाली नाही. पण एक वयस्कर प्राध्यापक बराच वेळ थांबले आणि मग हळूच म्हणाले की आमचीही एक जुनी कुपी दिव्याखाली धरून बघायला हवी.

सुरुवातीच्या त्या अडीच वाजताच्या चित्रापासून इथपर्यंत यायला डिसेंबर उजाडला.

आज परत करायचं झालं तर

पहिली गोष्ट उघड आहे: एका दुपारचं काम सहा दिवसांच्या कामाच्या आधी. पण हे नंतर म्हणणं सोपं. तेव्हा आर्गॉनचा प्रयोग आम्हाला जास्त "वैज्ञानिक" वाटला, कारण तो आमच्या लाडक्या कल्पनेची परीक्षा घेत होता. कुपी तपासणं म्हणजे घरकाम. मला वाटतं, मोठ्या चुका बहुतेक घरकामाच्याच बाजूने आत येतात.

दुसरं, आर्गॉनच्या पहिल्या रात्रीआधी "ठिपके हटले नाहीत तर आपण काय म्हणू" हे लिहून ठेवायला हवं होतं. लिहिलं असतं तर "सावकाश सुटतोय" हे वाक्य नंतर वापरता आलं नसतं. तिच्या खूण केलेल्या चाळीस मिनिटांना तेव्हाच वजन मिळालं असतं.

तिसरं माझ्यापुरतं. मी यंत्राचा माणूस, पदार्थ कसा तयार झाला हे "त्यांचं" काम, असं मी मानत होतो. पदार्थ करणाऱ्याला वाटत होतं, चित्र चांगलं आलंय म्हणजे पदार्थ चांगला. दोघांनीही एकमेकांवर विश्वास ठेवला आणि मधली जागा रिकामी राहिली. आता थेंब टाकण्याआधी कुपी दिव्याखाली धरून फोटो काढायचा आणि कुपीचा क्रमांक फाइलच्या नावातच घालायचा, असा नियम आहे. नव्या मुलांना तो जाच वाटतो.

एक धागा मात्र सुटायचा राहिला आहे. पदार्थ कितीही शुद्ध केला, दिव्याखाली लाली शून्यावर आली, तरी थरात शंभरात एखाददुसरा रेणू अंधुक राहतोच. आणि यातले काही पुढच्याच चित्रात पुन्हा पेटतात. मुलीने आता एसटीएमभोवती ॲक्रिलिकची धड हवाबंद पेटी करून घेतली आहे आणि तिच्या तक्त्यात कुपीचा रकाना सगळ्यात पहिला आहे.